मित्र आहेत की, मग समुपदेशकाकडे कशाला जायचं?

प्रश्न असा आला आहे: “वय अडतीस. सात-आठ महिने झाले, रात्री तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच, मग सकाळपर्यंत डोक्यात चक्र चालू. काम निभावतो, पण कशातच जीव लागत नाही. बायको म्हणते समुपदेशकाकडे जा. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा एकदा गेलो होतो. त्या बाई तासभर ऐकत बसल्या, सल्ला काहीच दिला नाही. परत गेलो नाही. मला जवळचे मित्र आहेत, त्यांच्याशी बोलतो. मग पैसे मोजून परक्या माणसापुढे तेच बोलून वेगळं काय होणार? आणि जायचंच झालं तर चांगला माणूस ओळखायचा कसा?”

मी बावीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. त्यामुळे माझं उत्तर ‘जाच’ असं असणार, हे तुम्ही गृहीतच धरलं असेल. तुमच्या बाबतीत ते तसंच आहे. पण समुपदेशन हे सगळ्यांना, सगळ्यासाठी, असं मी म्हणत नाही. कुठे नको तेही पुढे सांगते.

आधी ती तीनची जाग. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, मी मात्र तिथेच थांबले. झोप लागायला त्रास होणं आणि लागलेली झोप पहाटेच्या आधी तुटून परत न येणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी, आणि तिच्या जोडीला ‘कशातच जीव लागत नाही’, असं एकत्र आलं की आम्ही नैराश्याची शक्यता गांभीर्याने तपासतो. तुम्हाला नैराश्य आहेच असं एवढ्यावरून कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. थायरॉइड बिघडलेलं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, रात्रीची दारू असेल, एखादं चालू औषध असेल, तरी अशी जाग येते. म्हणून पहिली पायरी समुपदेशक नाही, तुमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांना ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलंत तर झोपेची गोळी घेऊन बाहेर याल. ‘जीव लागत नाही’ हेही सांगा, त्याच वाक्यात सांगा.

डॉक्टर कदाचित नऊ प्रश्नांचा एक कागद देतील. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, २००१ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारलेलं असतं. एकूण गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करायची, असा साधारण संकेत. हा कागद निदान करत नाही, पण त्याचा एक फायदा मी कायम पाहते: ‘तसं ठीक आहे’ म्हणणारा माणूस पेन हातात घेतल्यावर ‘जवळजवळ रोज’ या रकान्यावर खूण करतो आणि स्वतःच त्या खुणेकडे बघत राहतो.

आता मित्रांचं. मित्र आहेत हे फार मोठं भांडवल आहे, ते समुपदेशनाच्या बदल्यात सोडून देऊ नका. पण मित्र काय करतो ते बघा. तुम्ही म्हणता, “माझ्यामुळेच सगळं बिघडतं.” मित्र लगेच म्हणतो, “छे, काहीतरीच काय! तुझ्यासारखा माणूस…” हे प्रेम आहे. पण या प्रेमाने ते वाक्य आत ढकललं जातं. ते तपासलं जात नाही, फक्त खोडलं जातं, आणि रात्री तीनला परत वर येतं. शिवाय मित्र तुमच्या बाजूचा असतो. तुमचं बायकोशी भांडण झालं तर त्याला तुमचीच बाजू ठाऊक असते. त्यालाही त्याचे व्याप असतात, दोन वेळा ऐकलं की तिसऱ्या वेळी तो विषय बदलतो, आणि तुम्हीही ‘याला किती पिडायचं’ म्हणून अर्धंच सांगता. परक्या माणसापुढे हे अर्धं राहिलेलं बाहेर येतं. तो परका आहे हीच त्याची सोय. त्याच्यापुढे चांगलं दिसण्याची गरज नसते, आणि त्याला सांभाळून घेण्याचीही.

तेच वाक्य समुपदेशकासमोर आलं की काय होतं, ते एका प्रसंगातून दाखवते. दोन-तीन जणांच्या गोष्टी एकत्र करून लिहिते आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही.

एक गृहस्थ, साधारण तुमच्याच वयाचे. “सगळं माझ्यामुळेच बिघडतं.” मी ‘छे’ म्हटलं नाही. विचारलं, “शेवटचं कधी वाटलं असं?” परवा, मंगळवारी, मीटिंगमध्ये. “नेमकं काय झालं?” ते बोलत असताना साहेबांनी लॅपटॉप मिटला. “त्या क्षणी मनात काय आलं?” बराच वेळ गेला. मग म्हणाले, “आता हे मला काढणार.” “मग तुम्ही काय केलंत?” “पुढचं बोललोच नाही. बसलो खाली.” “आणि मग?” “मग काय, माझ्या मुद्द्यावर कुणी काही विचारलंच नाही.” इथे ते थांबले. माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, “म्हणजे मी गप्प बसलो, म्हणून…”

मी काहीच सांगितलं नव्हतं. पाच प्रश्न विचारले होते. पण ते पाच कोणते आणि कोणत्या क्रमाने, हे शिकावं लागतं. एरन बेक हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मूळचा मनोविश्लेषणाच्या परंपरेतला. १९६० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की रुग्ण मोठाले अनुभव सांगत असताना त्यांच्या मनात दुसरीच एक बारीक, झटपट वाक्यांची धार वाहत असते: ‘डॉक्टरांना माझा कंटाळा आला’, ‘मी मूर्ख दिसतोय’. माणसाचं तिच्याकडे लक्षही नसतं, मूड मात्र त्या वाक्यांवर हलतो. त्यातून पुढे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, उभी राहिली. ‘सकारात्मक विचार करा’ असं जे भिंतीवरच्या तक्त्यांवर लिहिलेलं असतं, त्याच्याशी तिचा काहीएक संबंध नाही. तिथे वाक्य खरं की खोटं हे पडताळून बघतात. त्या गृहस्थांनी पुढचे पाच आठवडे एका छोट्या वहीत दोन रकाने केले: मीटिंगच्या आधी ‘काय होईल असं वाटतं’ आणि नंतर ‘काय झालं’. काही वेळा त्यांची भीती खरी ठरली, हेही सांगायला हवं. बहुतेक वेळा नाही. माझ्या शंभर ‘छे’ पेक्षा त्यांच्या अक्षरातला तो दुसरा रकाना जास्त कामाचा ठरला.

आता तुमच्या त्या एका भेटीबद्दल. ‘सल्ला काहीच दिला नाही’, ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि मला ती अर्धी पटते.

न पटणारं अर्धं आधी. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक बाई यायच्या. नवऱ्याशी पटत नव्हतं. दर वेळी एकच प्रश्न: “मी काय करू, तुम्हीच सांगा.” चौथ्या वेळी मी सांगून टाकलं, “काही दिवस वेगळं राहून बघा.” त्यांनी बघितलं. गोष्टी आणखी चिघळल्या. त्या परत आल्या नाहीत, फक्त एक निरोप आला: “तुम्ही सांगितलंत म्हणून केलं.” माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्यांचा निर्णय मी त्यांच्या हातून काढून घेतला होता, हे नक्की. त्यांच्या बाबतीत आयुष्यभर सगळ्यांनी हेच केलं होतं. मी त्या रांगेत शेवटची उभी राहिले. सल्ला न देण्यामागे हे कारण असतं. आळस नाही, गूढपणाही नाही. शिवाय वडील जाऊन थोडेच दिवस झालेल्या माणसाला पहिल्याच भेटीत उपाय सांगणारी व्यक्ती मला तरी घाईची वाटली असती. दुःखाला दर वेळी उपचार लागत नाही, कधीकधी साक्षीदार पुरतो.

पटणारं अर्धं असं: नुसती मान डोलावणं म्हणजे समुपदेशन नव्हे. पहिली भेट संपताना, फार तर दुसरी, तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्यात. समोरच्याला तुमचं म्हणणं काय समजलं. आपण दोघं मिळून काय बदलायचा प्रयत्न करणार. आणि कसा. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये जवळपास अशीच मांडणी केली: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. उपचारपद्धती कुठलीही असो, ही तीन धरून ठेवली तर गुण येण्याची शक्यता वाढते, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या बाईंनी कदाचित ऐकलं उत्तम असेल, पण ‘आज मी फक्त ऐकणार आहे, पुढच्या वेळी आपण अमुक करू’ हे एक वाक्य सांगायचं राहिलं. तुम्हीही ‘मला सल्ला हवा होता’ हे त्यांना सांगितलं नसणार. बहुतेक जण सांगत नाहीत, गुपचूप येणं बंद करतात. आमच्या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे की रिकामी राहिलेली पाचची वेळ बघून मी अजूनही मागच्या भेटीच्या नोंदी काढून बसते.

तेव्हा एका भेटीवरून निकाल लावू नका. किती भेटींनंतर लावावा? केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये बऱ्याच जुन्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. साधारण आठ भेटींपर्यंत निम्म्या लोकांमध्ये मोजता येण्यासारखी सुधारणा होती, सव्वीस भेटींपर्यंत पाऊणशे टक्के लोकांमध्ये. याचा दुसरा अर्थही वाचा: सव्वीस भेटींनंतरही चौघांतल्या एकाला फरक नव्हता. आणि पाच ते दहा टक्के लोकांची स्थिती उपचार चालू असताना बिघडते, असंही संशोधनात सापडतं. हे आम्ही जाहिरातीत लिहीत नाही. मी लिहिते आहे ते अशासाठी, की चार-सहा भेटींत काहीच हललं नाही तर ‘मीच बरा होण्याच्या लायकीचा नाही’ असा निष्कर्ष काढू नका. बदल करा: आधी त्याच व्यक्तीशी बोलून पद्धतीत, नाही जमलं तर व्यक्तीत.

नावांचा गोंधळ पटकन आवरते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे डॉक्टर असतात, निदान करतात, औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातलं प्रशिक्षण घेतलेले, चाचण्या आणि थेरपी करतात, औषधं सहसा देत नाहीत. समुपदेशक हा शब्द सगळ्यात सैल. त्यात उत्तम शिकलेले लोकही येतात आणि दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावलेलेही. नोंदणीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून पाटीवरच्या शब्दापेक्षा शिक्षण विचारणं बरं.

गोळ्या की बोलणं, हा वाद घरोघरी चालतो. आजार मध्यम किंवा सौम्य असेल तर बऱ्याचदा नुसत्या थेरपीनेही भागतं. तीव्र असेल तर दोन्ही मिळून जास्त चांगलं. स्वतः अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाला वहीत रकाने भरायला सांगणं हा क्रूरपणा आहे, आधी औषधाने त्याला बसतं करावं लागतं. भास होत असतील, किंवा चढत्या मूडमध्ये तीन रात्री न झोपता माणूस व्यवहार करत सुटला असेल, तर समुपदेशकाकडे नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. पहिल्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे आणि तिसऱ्या महिन्यात ‘आता बरा झालो’ म्हणून सोडणारे, दोघंही मला सारखेच धास्तावतात.

आणि जिथे समुपदेशन हे उत्तर नव्हे, ते हे: पगार तीन महिने थकला असेल तर त्याला चिंता-व्यवस्थापन सुचवणं हा विनोद आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत. मन सावरायला समुपदेशक लागेल, पण परिस्थिती बदलण्याचं ओझं मनावर टाकू नये.

त्याउलट काही त्रास असे आहेत की तिथे नुसतं ‘मोकळं बोलून’ भागतच नाही, नेमकी पद्धत लागते. ओसीडी, ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, त्याचं ठळक उदाहरण. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या माणसाशी बालपणाबद्दल वर्षभर गप्पा मारून तो धुणं थांबवत नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी दाखवलं की भीतीला सामोरं जाऊन नेहमीचा विधी न करता थांबायची सवय टप्प्याटप्प्याने लावली तर फरक पडतो. आज ओसीडीसाठी हीच पद्धत आधी वापरतात. त्यामुळे ओसीडी असलेल्याने ‘तुम्ही ही पद्धत करता का?’ हे फोनवरच विचारावं. तुमच्या झोपेचंही तसंच. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रौढांच्या दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, झोपेसाठीची सीबीटी. त्यातली एक गोष्ट आजपासून करा: जाग आल्यावर वीसेक मिनिटांत झोप परतली नाही असं वाटलं तर अंथरूण सोडा. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ मात्र बघू नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. अंथरूण ही विचार करायची जागा आहे असं तुमच्या मेंदूने सात महिन्यांत शिकून घेतलं आहे, ते त्याला विसरायला लावायचं आहे.

आता माणूस कसा शोधायचा. इंटरनेटवर नाव टाकून वरून पहिलं उचलू नका. आधी तुमचे डॉक्टर: ते ज्यांच्याकडे पेशंट पाठवतात त्यांचा पुढचा परिणाम त्यांनी पाहिलेला असतो. मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे एकाच छताखाली डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट दोघं मिळतात. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण निदान पक्कं होतं. मग ते निदान घेऊन बाहेर कुणाकडे नियमित जाता येतं. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असेल तर ती वापरण्याआधी एकच विचारा: नोंदी कुणाकडे राहतात? उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

पैशांची अडचण असेल तर एक जागा लोकांना सुचतच नाही: ज्या विद्यापीठांत क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवतात, तिथे बऱ्याचदा प्रशिक्षणार्थींचं क्लिनिक असतं. फी कमी किंवा नसतेच. समोर नवखा माणूस असेल, पण त्याच्या प्रत्येक केसवर अनुभवी शिक्षक नजर ठेवून असतो. खाजगी प्रॅक्टिसमध्ये तेवढी नजर माझ्यावरही कुणी ठेवत नाही. अनेक खाजगी समुपदेशक उत्पन्न बघून फी कमी करतात, भेटींच्या काही वेळा त्यासाठीच राखून ठेवतात. विचारल्याशिवाय सांगत मात्र नाहीत.

आणि पदवी म्हणजेच सगळं, असंही नाही. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा या तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेत वस्तीतल्या आज्ज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकांवर बसवलं. आजाराला त्यांनी ‘डिप्रेशन’ म्हटलं नाही, शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरला, म्हणजे ‘फार विचार करणं’. आजी ऐकते, मग तिच्यासोबत बसून त्रासांची यादी करायची, एक निवडायचा, त्यावर पुढच्या आठवड्यापर्यंत करता येईल अशी एक गोष्ट ठरवायची. २०१६ मध्ये या ‘फ्रेंडशिप बेंच’ची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा लोकांना जास्त बरं वाटल्याचं दिसलं. त्या आज्ज्या मित्रापेक्षा वेगळं काय करत होत्या? ठरलेली पायरी सोडत नव्हत्या. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर त्या बाकावर आहे.

समदुःखी लोकांचे गटही आहेत: व्यसनासाठी, शोकासाठी, आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ पासून चालू आहे आणि आजही तिथे जायला पैसे लागत नाहीत. थेरपीची जागा गट घेत नाही, पण ‘मलाच असं होतं’ हा एकटेपणा तिथे पहिल्याच दिवशी ओसरतो. व्हिडिओवरच्या भेटींबद्दल लोक साशंक असतात. नैराश्य आणि चिंतेसाठी त्या समोरासमोरच्या भेटींच्या तोडीस तोड ठरतात, एक अट पाळली तर: दार बंद होणारी खोली हवी. माझे काही क्लायंट उभ्या गाडीत बसून बोलतात, आणि चांगलं बोलतात.

यंत्राशी गप्पा मारून भागेल का, असंही हल्ली विचारतात. जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा एक साधा प्रोग्राम लिहिला होता, तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा. त्याच्या सेक्रेटरीला तो कसा बनला हे ठाऊक होतं, तरी त्याच्याशी बोलताना तिने वायझेनबाउमला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. माणसाला बोलायची किती भूक असते ते यातून कळतं. मनातलं मांडायला, शब्द सापडायला अशा गोष्टी वापरा हवं तर. पण तुम्ही तिसऱ्यांदा तोच विषय टाळलात हे ओळखून ‘इथे आपण दर वेळी वळसा घेतो’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

दोन-तीन नावं हाती आली की फोन करा आणि विचारा: शिक्षण काय, नोंदणी आहे का, अशा त्रासासोबत काम केलंय का, पद्धत कोणती, साधारण किती भेटी, फी किती, भेट रद्द केली तर काय. चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. मला कुणी असं विचारलं की मी मनातून सुखावते, कारण हा माणूस टिकणार. गोपनीयतेची मर्यादाही विचारा. तुमचं बोलणं बायकोला, साहेबांना कळत नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते. १९७६ च्या कॅलिफोर्नियातल्या तारासॉफ खटल्यात न्यायालयाने ठरवलं की रुग्णापासून कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावरही येते; त्यानंतर हा अपवाद जगभर चर्चेत आला. त्याचे तपशील तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे पहिल्याच भेटीत सांगितले जायला हवेत.

आणि कुठून उठून यायचं? अमुक भेटींत बरं करतो अशी हमी देणाऱ्याकडून. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडून. दुसऱ्या क्लायंटचे किस्से नावानिशी सांगणाऱ्याकडून, कारण उद्या तुमचाही किस्सा होईल. बायकोला एकदाही न भेटता तिला एखाद्या आजाराचं लेबल लावणाऱ्याकडून. आणि बाहेर भेटायला बोलावणाऱ्या, अंगलट येणाऱ्या माणसाकडून तर त्याच क्षणी, आणि त्याची तक्रार करा. त्याला कुठलंही ‘तंत्र’ हे स्पष्टीकरण चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण पहाटे तीनला जागणाऱ्या प्रत्येकाला मी ती विचारते. ‘आपण नसतो तर बरं झालं असतं’ असं कधी मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. उलट विचारलं की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. येत असेल तर बायकोला आजच सांगा आणि अपॉइंटमेंटची वाट बघू नका. विचार ठाम व्हायला लागला, काय आणि कधी हे मनात ठरायला लागलं, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, एकटं राहू नका, आणि इजा करता येईल अशा वस्तू घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. ही लाट बहुधा तेवढ्याच जोराने टिकत नाही, मधले तास कुणाच्या तरी सोबतीने काढायचे असतात. रात्री-अपरात्री बोलायला हेल्पलाइन असतात. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने एका फोनवर हे काम सुरू केलं, त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. तुमच्या भागातला नंबर आज शोधून फोनमध्ये साठवा, वेळ येईल तेव्हा शोधणं होत नाही.

बायकोला एक काम द्या. ‘गेलास का?’ हा प्रश्न तिने रोज विचारायचा नाही, त्याने तुम्ही खोटं बोलायला लागाल. त्याऐवजी पहिल्या दिवशी तिने सोबत यावं आणि बाहेर बसावं. पहिल्या भेटीला जाणारे बरेच जण दारापर्यंत येऊन परत फिरतात. बाहेर कुणी बसलेलं असलं की फिरत नाहीत.

नवीन माणूस शोधण्याआधी त्या जुन्या बाईंनाच एक संधी द्यावी असं मला वाटतं. तुमच्या वडिलांबद्दल त्यांनी एक तास ऐकलेलं आहे, ते वाया गेलेलं नाही. शब्द सुचत नसतील तर हे पाठवा: “दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या निधनानंतर मी एकदा भेटलो होतो. तेव्हा मला सल्ल्याची अपेक्षा होती, ती पुरी न झाल्याने परत आलो नाही. सध्या सात महिने पहाटे तीनला जाग येते, कशात जीव लागत नाही. डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतो आहे. तुम्ही यावर कशा पद्धतीने काम कराल हे आधी समजून घ्यायला आवडेल. दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?” त्या काय उत्तर देतात यावरून पुढचं ठरवा. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या नावाला हाच मजकूर, पहिली दोन वाक्यं काढून.